पाणथळीच्या काठावर काम काढताना : अर्ज व हानी-निवारण आराखडा कसा करावा



मागे आपण या पानावर खोडव्यातील पाचटाचा विचार केला होता. या वेळचा विषय उसाचा नाही, पण उसाच्या पाण्याचा आहे. लागवडीच्या नोंदी घेत गटागटांतून फिरताना तीच ती विचारणा अनेक ठिकाणी झाली. कोणाला तळ्याच्या काठाला जॅकवेल घ्यायची आहे. कोणाला ऊस वाहतुकीच्या गाडीरस्त्यासाठी लवणात भराव टाकायचा आहे. कोणाला नाल्याकाठची ओलसर पडीत सपाट करून उसाखाली आणायची आहे. एका वयस्कर सभासदांनी तर मला रोखठोकच विचारले, "साहेब, तळं गावाचं, पाणी देवाचं, मंग अर्ज कायचा?" त्यांचे उत्तर एका वाक्यात देता आले नाही, म्हणून हा लेख.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे पाणथळ म्हटले की चिबडलेले वावर डोळ्यांसमोर येते. अति पाणी देऊन, निचरा नसल्यामुळे जी जमीन बसली ती चिबड. कृष्णाकाठी सांगली-कोल्हापूरकडे अशा कितीतरी जमिनी मिठावल्या, तो धडा आपल्याला ठाऊक आहे. चिबड हा जमिनीचा आजार आहे आणि त्यावर निचऱ्याचा इलाज आहे. कायद्यातील पाणथळ जागा वेगळी. ती निसर्गतःच, किंवा फार जुन्या बांधबंदिस्तीमुळे, वर्षभर किंवा वर्षातील काही महिने पाणी धरून ठेवते. तिथे लव्हाळा, पाणकणीस वाढते, मरळ-मागूर राहतात, हिवाळ्यात बदके उतरतात. ही जमीन आजारी नाही, ती तिचे काम करीत आहे. ते काम कोणते, हे आजूबाजूच्या विहिरीवाल्यांना विचारावे.

हिशेबच करून पाहा. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. एका एकराच्या लवणात एक मीटर पाणी साचत असेल तर ते ४,०४७ घनमीटर, म्हणजे ४० लाख लिटरच्या वर झाले. उसाला पाटाने एका पाळीस आठ सेंटिमीटर पाणी धरले, तर एका एकराच्या बारा पाळ्या त्यात बसतात. हे सगळेच पाणी मुरते असे नव्हे, बरेचसे उन्हाने उडते. पण जे मुरते ते खालच्या अंगाच्या विहिरींना येते. लवण मुरमाने बुजवून एक एकर ऊस वाढवायचा आणि खालच्या चार विहिरी वैशाखात कोरड्या पाडायच्या, हा व्यवहार मला तरी पटत नाही.

आता कायदा. केंद्र शासनाने २६ सप्टेंबर २०१७ रोजी पाणथळ जागा संवर्धन व व्यवस्थापन नियम लागू केले. त्याआधीचे २०१० चे नियम त्यामुळे रद्द झाले. नव्या नियमांतील चौथा नियम आपल्या कामाचा आहे. पाणथळ जागेचा दुसऱ्या कामासाठी वापर, अतिक्रमण, नवा उद्योग काढणे किंवा असलेला वाढविणे, घनकचरा टाकणे, उद्योगाचे वा गावाचे प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणे, शिकार, या सर्वांना तिथे बंदी आहे. शिवाय सरासरी महत्तम पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्के बांधकाम करता येत नाही, फक्त होडीच्या धक्क्यास सूट आहे. ही पूररेषा नियम लागू झाल्या तारखेच्या मागील दहा वर्षांची, म्हणजे साधारण २००७ ते २०१७ या काळातील धरायची आहे. जॅकवेल आणि पंपघर हे पक्के बांधकाम आहे, हे लक्षात ठेवावे.

परंतु प्रत्येक डबक्याला हे नियम लागत नाहीत, आणि बहुतेक सभासदांची गफलत इथेच होते. नदीचे पात्र, भाताची खाचरे, खास पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव, तसेच खास सिंचन, मत्स्यशेती, मीठ किंवा करमणूक यांसाठी बांधलेली कामे या व्याख्येत येत नाहीत. म्हणजे पाझर तलाव किंवा पाटबंधाऱ्याचा तलाव असेल तर पाणथळ नियमांचा प्रश्न नाही. तिथे जलसंपदा, जलसंधारण किंवा जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाची परवानगी लागते, गाळपेर जमिनीलासुद्धा. वन कायदा, वन्यजीव कायदा यांखालील क्षेत्रालाही हे नियम लागत नाहीत, पण म्हणून तिथे मोकळीक आहे असे समजू नये. तिथले कायदे जास्त कडक आहेत. आपल्या भागात ईसापूर जलाशयावर पक्षी अभयारण्य आहे आणि उमरखेडकडे पैनगंगा अभयारण्य आहे. आपला गट नंबर त्या हद्दीत किंवा हद्दीलगत येतो का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन आधी पाहावे.

मग उरते काय? नैसर्गिक दलदली, नाल्याची जुनी वळणे, आणि कोणी कशासाठी बांधली हे आज सांगता येत नाही अशी जुनी गावतळी. अधिसूचित पाणथळ जागांना नियम थेट लागू आहेतच. त्याशिवाय इस्रोच्या उपग्रह-नकाशातून देशातील सव्वादोन हेक्टरच्या वरील २,०१,५०३ पाणथळ जागांची यादी निघाली होती. त्या सर्वांना चौथ्या नियमातील तत्त्वे लावून त्यांचे रक्षण करावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये राज्यांना प्रत्यक्ष जागेवर जाऊन मोजणी व हद्दनिश्चिती करण्यास फर्मावले. तेव्हा "आमच्या तळ्याची अधिसूचना निघालेलीच नाही" एवढ्यावर निर्धास्त राहू नये. त्याही आधी, २०११ मध्ये, गावाच्या सामाईक जमिनी व तळी यांवरील अतिक्रमणे काढण्याबाबत याच न्यायालयाचा निकाल आहेच.

माणसाने बांधलेले पाणीही पुढे पाणथळ कसे होते, याचे उदाहरण नाशिक जिल्ह्यात आहे. गोदावरी-कादवा संगमावर नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा इंग्रजी अमदानीत शेतीच्या पाण्यासाठी बांधला. वर्षानुवर्षे त्यात गाळ साचला, बेटे झाली, झाडोरा वाढला, पक्षी येऊ लागले. १९८६ मध्ये तिथे पक्षी अभयारण्य झाले आणि पुढे रामसर यादीत गेलेली महाराष्ट्रातील ती पहिली जागा ठरली. रामसर हे इराणमधील गाव. २ फेब्रुवारी १९७१ रोजी तिथे पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय करार झाला व भारत त्यात १९८२ मध्ये सामील झाला. आपल्याला जवळचे लोणार सरोवरही २०२० मध्ये त्या यादीत गेले. नांदूर मध्यमेश्वरच्या आसपास ऊस आणि द्राक्षे पिकतातच. पाणथळ राखली म्हणजे शेती बुडाली, असे तिथे झालेले नाही. आणि पूर्व विदर्भातले कोहळी तर तळी बांधायचे आणि त्याच पाण्यावर धानाबरोबर ऊस करायचे. तळे आणि ऊस यांचे वैर जुने नाही, ते आपण अलीकडे लावले.

आता माझीच फजिती सांगतो. सहा-सात वर्षांपूर्वी मी दुसऱ्या गटात असताना अकरा सभासदांच्या उपसा सिंचन गटाचा अर्ज मीच लिहून दिला होता. जुन्या एका अर्जाची नक्कल समोर ठेवली आणि जागेच्या वर्णनात बिनदिक्कत 'पडीक जमीन' असे लिहिले. सातबाऱ्यावर पोटखराबा होता, मग चूक काय? पाहणीला साहेब आले ते मार्गशीर्षात. गुडघाभर पाणी, सगळीकडे लव्हाळा, आणि आमची जीप थांबताच शे-दीडशे बदके उठली. साहेबांनी कागदाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, म्हणाले, "हे पडीक?" अर्ज परत आला. फेरअर्ज, फेरमोजणी यात उन्हाळा गेला. पाणी येणारच म्हणून ज्यांनी सुरू लागवड करून ठेवली होती त्यांचा नऊ एकर ऊस वैशाखात डोळ्यांदेखत वाळला. त्या लोकांनी मला एक शब्द बोलून दाखविला नाही, याचेच जास्त लागले. खोटे लिहायचे माझ्या मनात नव्हते, पण जागेवर जाऊन न पाहता लिहिले हे खरे.

म्हणून अर्ज लिहिण्याआधी जागा पाहायची, आणि तीनदा पाहायची : भर पावसाळ्यात, हिवाळ्यात आणि कडक उन्हाळ्यात. प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी उभे राहून मोबाईलवर फोटो घ्यावेत, त्यावर तारीख व अक्षांश-रेखांश यावेत. पाणी कुठवर होते तिथे खुंटी ठोकावी. पूररेषेसाठी आपल्याकडे मोजपट्ट्या नसतात, पण खुणा असतात. मारुतीच्या पायरीला पाणी लागले होते की नाही, कोणत्या बाभळीच्या बुंध्याला केरकचरा अडकला होता, हे गुराखी आणि भोई मंडळी अचूक सांगतात. त्या खुणा दोन म्हाताऱ्यांच्या जबाबासह कागदावर घ्याव्यात आणि लेव्हल काढणाऱ्याकडून त्यांची उंची मिळवून घ्यावी.

कागदपत्रांचे मी फार सांगत नाही. सातबारा, आठ-अ, गटाचा नकाशा, भूमी अभिलेखची मोजणी व तिची क-प्रत, ग्रामसभेचा ठराव हे नेहमीचेच. दोन कागद मात्र लोक हमखास विसरतात. एक निस्तारपत्रक. तळ्यावर गुरांना पाणी, माती, गवत, मासे यांचे कोणाचे काय हक्क पूर्वापार आहेत, ते पाहून अर्जात लिहिलेच पाहिजे. पोळ्याला बैल कुठे धुतात, गणपती कुठे बुडवतात, शिंगाडा कोण लावते, हेही लिहावे. हे लिहिल्याने आपली बाजू लंगडी पडत नाही. उलट नंतर कोणी हरकत घेऊन उभे राहत नाही. दुसरा विसरला जाणारा कागद म्हणजे साधे विचारणा-पत्र. 'सदर गट क्रमांकातील तळे पाणथळ जागांच्या यादीत आहे किंवा कसे, व नियमांतील कोणत्या वगळणुकीत ते बसते, हे लेखी कळावे' एवढे दोन ओळींचे पत्र जिल्हाधिकारी कार्यालयास द्यावे. पाणथळींसाठीची जिल्हा समिती जिल्हाधिकाऱ्यांच्याच अध्यक्षतेखाली असते. एक प्रत पाटबंधारे उपविभागास, एक वनखात्यास द्यावी. पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये. तोंडी 'काही हरकत नाही' याला पुढे कोणी विचारत नाही.

आता मुख्य भाग, हानी-निवारण आराखडा. आपल्या कामामुळे पाणथळीचे काय नुकसान होणार आणि ते आपण कसे आवरणार, याचा हा लेखी करार समजा. याची एक पायरी ठरलेली आहे आणि ती उलटी चढता येत नाही. प्रथम नुकसान टाळायचे. टाळता येत नाही तेवढे कमी करायचे. काम संपल्यावर जे पूर्ववत करता येईल ते करायचे. आणि इतके करूनही जे उरले त्याचीच भरपाई दुसरीकडे करून द्यायची. अमेरिकेत १९७२ च्या जल कायद्याखाली दलदलीत भराव टाकायला परवाना लागतो, आणि हीच क्रमवारी तिथे १९९० मध्ये लेखी ठरली. पण लोकांनी आधीच्या पायऱ्या गाळून भरपाईवरच भर दिला. २००१ मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने पाहणी करून सांगितले की, गेल्या तेवढ्या पाणथळी भरून निघालेल्या नाहीत. खड्डा खणून पाणी भरले की तळे होते, पाणथळ होत नाही.

त्याच अकरा सभासदांचा दुसरा आराखडा कसा केला ते सांगतो, म्हणजे समजेल. पहिल्या अर्जात जॅकवेल ऐन लवणात होती, कारण तिथे पाइप कमी लागत होता. दुसऱ्या वेळी आम्ही पूररेषा आखून घेतली, तिच्यापासून ५० मीटर टेपने मोजले आणि विहीर त्याच्या बाहेर मुरमाड चढावर नेली. पाइप १८० मीटर वाढला. सभेत कुरकुर झाली. "एवढ्या पाइपात माह्या पोरीचं लगन होते," असे एकजण म्हणाले, आणि ते खोटे नव्हते. पण रस्त्याचाही प्रश्न त्याच फटक्यात सुटला, कारण चढावर आधीच गाडीवाट होती आणि लवणातला भराव वाचला. टाळणे म्हणतात ते हे. कागदावर तीन जागांची तुलना दाखवावी आणि दोन जागा का सोडल्या ते लिहावे. एकच जागा दाखविणारा अर्ज पाहणाऱ्याला संशयास्पद वाटतो, आणि त्यात त्याचे चुकते असे मला वाटत नाही.

पाण्यापर्यंत नळी तर न्यावीच लागणार होती. ती भूमिगत आणि कायमचे बांधकाम न करता कशी नेता येईल, हे आम्ही लेखी विचारले व उत्तर आल्यावरच चर खोदला. बंदी असलेल्या कामात सूट हवी तर ती गावात, तालुक्यात मिळत नाही. राज्य प्राधिकरणाच्या शिफारशीने प्रस्ताव केंद्राकडे जावा लागतो. कोणी मध्यस्थ 'मी करून देतो' म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.

नुकसान कमी करण्यात हंगामाला फार महत्त्व आहे. हिवाळी पाहुणे पक्षी होळीच्या सुमारास परततात, आपली पाणकोंबडी वगैरे पावसाळ्यात घरटी करते. म्हणून चर खोदण्याचे काम होळीनंतर पाऊस पडायच्या आत उरकावे. मात्र टिटवी उन्हाळ्यात उघड्या गोट्यांवर अंडी घालते. तेव्हा काम लावण्याआधी एखाद्या गुराख्याला घेऊन ती पट्टी फिरून पाहावी, घरटे दिसले तर तेवढा तुकडा दगड मांडून सोडावा. खोदलेली माती पाण्यात लोटू नये. वरचा एक वीत थर, लव्हाळ्याच्या मुळांसकट, वेगळा काढून ओला ठेवावा आणि चर बुजवताना तोच वर परत घालावा. आमच्या त्या चरावर दुसऱ्या पावसाळ्यात आपोआप हिरवळ धरली. फूटव्हॉल्व्हला बारीक जाळी लावावी, म्हणजे माशांची पिले ओढली जात नाहीत आणि भोई बांधवांशी तंटाही होत नाही. डिझेलचे बॅरल काठावर ठेवू नये. रस्ता टाळता येतच नसेल तर भरावाखाली पुरेशा मोऱ्या टाकाव्यात. एका अंगाला पाणी तुंबून दुसरे अंग सुकले, तर अर्धी पाणथळ आपण न बुजवताच मारली.

सर्वांत वादाचा मुद्दा निघाला तो पंप केव्हा बंद करायचा याचा. नुसते 'पाणी जपून वापरू' असे लिहून चालत नाही. आम्ही तळ्यात एक दगडी खांब उभा होता त्यावर लाल पट्टा मारून घेतला. पाणी पट्ट्याखाली गेले की पंप बंद, मग कोणाचाही ऊस असो. बंद कोण करणार? हे ठरावात नावानिशी लिहिले, आणि तो माणूस गटाचा सभासद नसलेला, भोई समाजातील निवडला. महिन्यातून एकदा पातळी वहीत लिहायची. पट्ट्याखाली पाणी जाणारच हे गृहीत धरून अकराही जणांनी ठिबक घेतले. ठिबकने पाणी किती वाचते यावर भाषणे पुष्कळ ऐकली आहेत, पण बंद पट्टा डोळ्यांसमोर असला की ते लवकर पटते. खर्चासाठी प्रत्येकाने ऊस बिलातून प्रतिटन कपातीचे संमतिपत्र दिले. ज्या आराखड्याला पैशाची तरतूद नाही तो आराखडा नव्हे.

भरपाईचे कलम शेवटी. आमच्या कामाने चराची पट्टी व काठाचा थोडा भाग हलला होता. त्याबदल्यात त्याच नाल्याच्या वरच्या अंगाला तळ्याचा जो कोपरा बेशरमाने भरला होता, तो हाताने उपटून मोकळा केला. बेशरम तोडून उपयोग नाही, पडलेल्या कांडीला फुटवा येतो. उपटून, वाळवून जाळावी लागते. बहुतेक अर्जांत या ठिकाणी 'पाचशे झाडे लावू' असे लिहिलेले असते. झाडे जरूर लावा. पण माळावर लिंब लावून लवणाची भरपाई होत नाही, आणि ऐन दलदलीत झाडे लावली तर उरलीसुरली पाणथळही जाते. भरपाई त्याच पाणलोटात, त्याच जातीच्या जागेची करावी.

खतांचे एक राहिले. तळ्याला लागून ज्यांचा ऊस आहे त्यांनी काठाकडील एक पट्टा गवताचा सोडावा आणि पाऊस तोंडावर असताना युरिया टाकू नये. वाहून गेलेले खत तळ्यात उतरते, त्यावर जलपर्णी माजते आणि पुढे फूटव्हॉल्व्हमध्ये तीच अडकते. हे आराखड्यात लिहिले तर वजन पडते, न लिहिता केले तरी चालते.

कारखान्याच्या बाबतीतही सभासदांनी जागे राहावे. कोणत्याही साखर कारखान्याची गाळप क्षमता दिवसाला ५,००० टन किंवा त्यावर जाते तेव्हा २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते. त्यात जनसुनावणी असेल तर तिची नोटीस किमान ३० दिवस आधी निघते. अशा अहवालात आसपासच्या तळ्या-नाल्यांचे वर्णन असते. ते वाचावे, आणि आपल्या गावचे तळे त्यात 'पडीक' म्हणून आले असेल तर उभे राहून सांगावे. मी हे सांगतो म्हणून कोणाला राग येणार नाही अशी आशा आहे. कारखाना आपलाच आहे आणि चूक तर माझ्या हातूनही झाली होती.

विचारणा-पत्राचा व अर्जाचा कोरा नमुना, तसेच त्या अकरा सभासदांच्या आराखड्याची नावे झाकलेली प्रत, सर्व गट कार्यालयांत ठेवली आहे. ज्यांना काम काढायचे आहे त्यांनी सातबारा, गटाचा नकाशा व फोटो घेऊन बाजाराच्या दिवशी सकाळी यावे. फोटो या पावसाळ्याचे नसतील तर आधी ते काढून घ्यावेत, कारण पुढच्या होळीनंतर काम करायचे असेल तर पाणी कुठवर चढते हे आत्ताच दिसणार आहे.

— ऊस विकास अधिकारी